हळदीची दुसरी वाटी

हिरामावशी गेली, हे तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्यासमोर एक जोडपं बसलेलं. मी कल्याणच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी केंद्रातली समुपदेशक. फोन खाली ठेवला आणि त्या दोघांना सांगत होते ते अर्धं वाक्य पूर्ण केलं... सवय, दुसरं काय! सून म्हणाली होती, "लिवा ताई, तिचा काय लपवाचा नाय." म्हणून दीड महिन्यानं लिहितेय.

मानपाड्याकडच्या आगरी गावांत मावशी धवलारीण. लग्नात धवले गायचे, विधी चालवायचे; तिच्याशिवाय हळद पुढे सरकत नसे. नवरा गेल्यावर तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. माझ्यासमोर बसून पोटभर रडली आणि महिन्याभरात मलाच शिकवायला लागली. "तुजी पोस्टरा कोन वाचतंय गो?" म्हणत तिनं हळदीच्या धवल्यातच तपासणीची गोष्ट गुंफली. मग मुली चौघी-चौघींनी यायच्या, लाजत सांगायच्या, हिरामावशीनं धाडलंय. मला तिचा थोडा हेवाच वाटायचा, खोटं कशाला बोलू!

तीन वर्षांपूर्वी एका हळदीला तिनं मलाही नेलं. गाणं संपल्यावर नवरीनं सहज विचारलं, "मावशे, तुला यातला सगला कसा म्हाईत?" मावशी म्हणाली, "मना हाय ना तो आजार. गोल्या खातंय, गातंय." नवरीच्या काकीनं मावशीच्या हाताखालची हळदीची वाटी उचलून आत नेली आणि दुसरी आणून तिच्यापासून लांब ठेवली. स्पर्शानं हा आजार होत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. त्या दिवशी मोबाइलमध्ये बघत बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

त्यानंतर मावशीला बोलावणी येईनाशी झाली. हळदींना स्पीकर वाजू लागले. आधी तिचं गाणं थांबलं, मग गोळ्या न्यायला येणं. फोन केला की "येतंय गो" म्हणायची. टीबीनं गाठलं तेव्हा फार उशीर झालेला. वाटीबद्दल ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात तीच काकी लेकीला घेऊन केंद्रात आली. लेकीचं लग्न ठरलंय, आणि मावशी गेल्याचं ऐकलेलं, म्हणून तपासणी. रक्त देऊन लेक बाहेर गेली, तशी ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "ताई, त्या दिशी तुमी तितंच व्हत्या. दवाखान्यातल्या तुमी. काय बोलल्या नाय, म्हून मना वाटला, वाटी बदलली ती बराबरच."