भाऊच्या आवाजातलं कार्टून

पुण्याचा एक माणूस जुन्या कार्टून सिनेमांच्या कॅसेटी जमवतो. बाप समुद्रात हरवतो आणि पोरगा होडी घेऊन त्याला शोधायला निघतो, तो सिनेमा त्याला हवा होता. सगळी चित्रं हाताने रंगवलेली, तसलं आता कुणी काढत नाही म्हणे. कव्हर शाबूत आहे का, पट्टी तुटलीय का, फोनवर नुसती प्रश्नांची सरबत्ती! आमच्याकडे ती आहे हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

कॅसेट माझ्या थोरल्या भावाची. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात भाऊ व्हिडिओ चालवायचा. सिनेमा परदेशी, भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. मग भाऊ टीव्हीशेजारी उभा राहून अहिराणीत सांगायचा, "आते दखा, हाऊ पोऱ्या बापले सोधाले निंघना!" बठ्ठं गाव, लहानथोर सगळे गप्प. रोज ओरडून घसा बसायला लागला, तेव्हा लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून त्याने त्या पट्टीवर स्वतःचा आवाजच भरून आणला.

"वरून आवाज भरलाय?" मी हे सांगितलं तसा पुणेकर हिरमुसला. "मग तिला काय अर्थ राहिला!"

गेला उडत, म्हटलं आणि फोन ठेवला. पण पट्टीवरचा तो आवाज डोक्यातून जाईना. कॅन्सरमध्ये भाऊचं स्वरयंत्र काढलं, पुढे तो नुसत्या खुणा करायचा. गेल्या दिवाळीआधी गेला. मोबाइलमध्ये फोटो ढीगभर, बोलणं कुठेच नाही. होतं ते त्या कॅसेटमध्ये. मला ते एकदा ऐकायचं होतं, बस्स. जळगावहून गावाकडची सकाळची एसटी धरली.

घरी कव्हर सापडलं. होडी, पोरगा, रंग अजून ताजे. आत कॅसेट नव्हती. वडिलांना, आबांना विचारायला शेतात गेलो.

आमच्याकडे दादर ज्वारीत दाणा भरला की पिकावरून कॅसेटची पट्टी ताणतात. वाऱ्यात ती भणभणते, पाखरं बिचकतात. आबांनी या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणली होती. उन्हाने विटलेली, तुटेल तिथे गाठी मारलेली. मी हातात धरली, तशी ती गप्प झाली. सोडली, तर पुन्हा भणभणायला लागली. मला रडूच फुटलं. आबांना वाटलं, डोळ्यात धूळ गेली. ते कधी सिनेमाकडे फिरकले नव्हते, पट्टीवर काय आहे त्यांना कुठून कळणार? आणि सांगून काय करू? पोरगा पुन्हा एकदा मसणात न्यायला लावू?

"दख," आबा खुशीत म्हणाले, "एक पाखरू येत नही आते. आखो एखादी पट्टी शे का घरमा?"

"नही आबा," मी म्हटलं. "ती एकच व्हती."