पंचेचाळीसच्या खटक्यावरचा म्हातारा

मुळगावहून लग्न होऊन मी पेडण्याला आले, तेव्हा सासरे पियानोवर बैठका मारत होते. म्हणजे पियानोच्या तालावर.

म्हापशाचं एक ओळखीचं कुटुंब लिस्बनला कायमचं निघालं होतं. सासऱ्यांनी त्यांच्याकडून एक आरामखुर्ची घेतली, तर तिच्याबरोबर रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचा खोकाही आला. सगळ्या तबकड्या एकाच पियानोवादकाच्या. खोक्यावर त्याचा फोटो होता. केस पांढरेशुभ्र, गालांवर सुरकुत्या, सत्तरी कधीच ओलांडलेली. आणि वाजवणं असं, की पत्र्यावर कुणी काजूबिया ओतत सुटलंय!

"बघ गो, ह्या वयात कसो धावता!" सासरे मला म्हणायचे. "आणि आमची साठीतच कंबर धरता!"

मग रोज सकाळी एका बाजूवर बैठका, दुसऱ्या बाजूवर अंगणात फेऱ्या. तबकडी उलटायचं काम माझं. सासूबाई स्वयंपाकघराचं दार धाडकन लावून घ्यायच्या.

हे शाळेत शिक्षक होते. त्यांच्या शाळेतले एक सर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ते एका रविवारी आमच्याकडे जेवायला आले. सासऱ्यांनी कौतुकाने तबकडी लावली. सरांचा सोलकढीचा पेला ओठांपाशीच थांबला.

"बाबा, ह्याच्या घराला आग लागली आहे काय?"

ते उठले आणि त्यांनी प्लेअरचा वेगाचा खटका पंचेचाळीसवरून तेहतीसवर सरकवला. काजूबिया थांबल्या. एकेक सूर सावकाश पाझरू लागला.

सासऱ्यांनी आधी वर दिव्याकडे पाहिलं. "व्होल्टेज गेला?"

"नाही बाबा, हे असंच आहे. चांदण्यात बसून कुणाच्या तरी आठवणीत झुरायचं संगीत आहे."

"झुरायचं? दोन वर्सां मी ह्याच्यावर बैठका मारतंय!"

ह्यांना भाताचा ठसका लागला. मी तोंडात पदर कोंबून दाराआड पळाले. सासूबाई मात्र ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि बाकावर टेकल्या. "किती बरां वाजयता म्हातारो," त्या म्हणाल्या. "रडू येता."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी खटका पंचेचाळीसवर नेला. ते बैठक घ्यायला वाकले, तोच सासूबाईंनी खटका मागे तेहतीसवर ओढला. सासरे तालाचे पक्के. खाली गेले ते गेलेच, वर यायचा सूर काही लवकर येईना. शेवटी ह्यांनी आणि मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यांचा व्यायाम तिथेच संपला.

पुढे दुपारी दोघंही तो म्हातारा ऐकत बसायची. एकदा फारच हळवा तुकडा लागला होता. सासूबाईंनी डोळे पुसले.

"ह्याची बायल लवकर मेली आसतली."

सासऱ्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

"मेली नाय. माहेराक गेली आसतली. म्हणान इतको निवांत वाजयता."

सासूबाई त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.