आई गाडीतून उतरेना

नांदेडला बर्फ पडत नाही, ही गोष्ट भूगोलाची प्राध्यापिका असूनही माझ्या लक्षात आली ती गाडी घरी आणल्यावर.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. विजेवर चालणारी, आमच्या कंपाउंडच्या भिंतीपेक्षा उंच. तिच्या जाहिरातीत एक बाई एकटीच नदी ओलांडते, वाळूचे डोंगर चढते आणि शेवटी एका कड्यावर गाडी उभी करून कॉफी पिते. ती जाहिरात मी इतक्या वेळा पाहिली की आमचे हे म्हणाले, "कॉफी प्यायची असंल तर मी करून देतो, त्यासाठी एवढ्या वर कामून जायचं?" (ह्यांचं सगळं असंच. जन्म स्कूटरवर गेला, चारचाकीचं लायसन्स काढलं नाही, आणि कुठल्याच गोष्टीची घाई नाही.) मला मात्र एका जागी बसवत नाही. शिकवताना मी वर्गात इतक्या येरझारा घालते की पहिल्या बाकावरच्या मुली माना फिरवून फिरवून बेजार होतात. सहारा वाळवंट, हिमालय, सगळं रोज माझ्या खडूखालून जातं. मी जाते कुठं, तर घर ते कॉलेज आणि कॉलेज ते भाजी मंडई.

पण नुसती हौस म्हणून एवढी गाडी घेतली तर लोक हसतील. कारण पाहिजे. ते कारण उदगीरला बसलेलं होतं. माझी आई.

आई माझ्या भावाकडे, बंडूकडे असते. बंडूची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे, पोत्या-कट्ट्यांतून त्याला मान वर करायला फुरसत नसते. आई दोन वर्षं नांदेडला आली नव्हती. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "गुडघे, बाई." मी भेटायला जायची, पण उभ्या उभ्या. चहा घ्यायचा, औषधं विचारायची, परतीची एसटी पकडायची. तेव्हा मी जाहीर केलं की आईला आरामात, पाय पसरून नांदेडला आणता येईल अशी गाडी मी घेणार. आता आईच्या नावावर कोण काय बोलणार? हे सुद्धा म्हणाले, "बरं."

शोरूमवाल्यांनी गाडी शनिवार-रविवार घरी नेऊन बघायला दिली. रविवारी पाचला गाडी परत, आणि तेव्हाच हो का नाही ते सांगायचं. तिथल्या सेल्स मॅडमनी मला बटणं समजावून दिली. एक चिखलाचं, एक वाळूचं, एक खडकाचं आणि एक बर्फाचं. मी मान डोलवत होते. मनात मी कड्यावर पोचले होते.

शनिवारी रोजच्या आयुष्यात गाडी कशी बसते ते बघायचं ठरवलं. ती कुठंच बसेना. फाटकातून आत जाईना, म्हणून गल्लीत उभी केली. मग पाण्याचा टँकर तिच्या मागंच अडकला आणि गल्लीतल्या बायका कळशा घेऊन माझ्या दारात आल्या, पाण्यासाठी नव्हे, भांडायला. मंडईत एवढ्या उंचावरून मला वांगी दिसत होती पण वांगीवाली दिसत नव्हती. काच खाली करून मी भाव विचारला तर ती वर न बघताच म्हणाली, "आधी खाली तर या मॅडम, मग बोलू." खाली उतरले तोवर मागं रिक्षांची रांग लागली होती. भाजी न घेताच परत आले. रात्री चार्जिंगची वायर खिडकीतून गल्लीत सोडली. समोरच्या सुनंदावहिनी फिरायला निघाल्या होत्या, त्यांनी पातळ सावरून ती वायर ओलांडली आणि कपाळाला हात लावला.

"उद्या आई आली की बघा," मी सगळ्यांना सांगत होते. सगळी भिस्त आता आईवर होती.

रविवारी पहाटेच निघून उदगीर गाठलं. रस्ता काय सुंदर पळत होता! मोठ्ठे खड्डे आले तरी गाडीला पत्ता नव्हता. आडतीसमोर गाडी उभी केली तेव्हा हमाल काम थांबवून बघायला आले आणि माझी मान दोन इंच उंच झाली. आई काठी टेकत आली, गाडीच्या दारापाशी थांबली, वर बघितलं.

"मंगल, हे घरावरचं माळवद हाय का गाडी?"

गाडीचं बूड आईच्या कमरेला लागत होतं. पायरी होती, पण ती कड्यावर कॉफी पिणाऱ्या बाईच्या मापाची. आईचा पाय तिथपर्यंत जाईना. आम्ही ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, बंडूनं पाट आणला, पाट करकरला. शेवटी ट्रकमध्ये कट्टे चढवायची लांब फळी हमालांनी आणली आणि दाराला लावली.

"आईला काय तुरीच्या कट्ट्यासारखं चढवायचं का?" मी बंडूवर ओरडले.

"ताई, कट्टा असता तर कवाच चढला असता," बंडू म्हणाला.

आई मात्र काठी माझ्या हातात देऊन त्या फळीवरून दोन हमालांच्या आधारानं तुरुतुरु वर गेली. पुढच्या सीटवर बसली, पदर नीट केला, हात फिरवून सीट चाचपली आणि म्हणाली, "चल." मीही निघाले. फळी उदगीरलाच राहिली, हे मला गल्लीत येऊन आईचं दार उघडलं तेव्हा कळलं.

दुपारचं ऊन असं की दाराची कडी हाताला चटका देत होती. मी दार धरून उभी, आई वर बसलेली, हे फाटकात हात जोडून उभे.

"उतर आई. मी धरते."

आईनं खाली जमिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "न्हाई बाई. पडले बिडले तर तुलाच निस्तरावं लागंल. राहू दे, मी हितंच बरी हाय."

खुर्ची आणली, आईला डुगडुगती वाटली. शेजारच्या बांधकामावरून विटा आणून पायऱ्या रचल्या, आईनं त्याला चूल म्हटलं. मग जेवणाचं ताट वर गाडीत गेलं. आता निदान गारवा तरी मिळावा म्हणून मी एसी लावला आणि ताक आणायला खाली उतरले. उतरल्याबरोबर गाडी बोंबलायला लागली आणि एसी बंद. ड्रायव्हर सीटवरून उठला की ही गाडी सगळं बंद करते, ही माहिती सेल्स मॅडमनी दिली होती. पण मी तेव्हा कड्यावर होते ना. मी बसले, एसी सुरू. उठले, बोंब आणि एसी बंद. पट्टा लावला नाही तरी टुंग टुंग टुंग.

"गुणाची गाडी हाय," आई म्हणाली. "तू उठलीस की वरडती."

मी ह्यांना हाक मारली, म्हटलं तुम्ही जरा या सीटवर बसा, मला बरीच कामं आहेत. हे बिचारे लगेच चढून बसले. आईनं ताबडतोब डोक्यावर पदर घेतला, पसरलेले पाय आवळले आणि ताठ बसली. जावयासमोर पाय पसरून बसायचं म्हणजे काय! घामानं डबडबली तरी चालेल. हे खिडकीबाहेर बघत बसले, आई समोरच्या काचेतून बघत बसली, आणि दोघांच्या मध्ये एसी उगीचच वाहत राहिला. अखेर हे म्हणाले, "आईंचे गुडघे दुखतील अशानं," आणि उतरले. पुन्हा मी, पुन्हा पट्टा.

एवढ्यात गल्लीत बातमी पोचली. मंगलची आई आली आहे आणि गाडीत राहते आहे! सुनंदावहिनी फराळाचा डबा घेऊन आल्या. आमचे हे आपल्याला उचलून चढवतील की काय या भीतीनं त्या आपल्या आपणच वर चढल्या आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. शनिवारी टँकरवरून माझ्याशी भांडलेल्या त्याच ह्या. आता माझ्याच गाडीत बसून माझ्याच आईला माझीच गाऱ्हाणी सांगू लागल्या. मी किती धावपळ करते, दारातून हाक मारली तरी थांबत नाही, दळण गिरणीत विसरते, हे सगळं. आई प्रत्येकीला "हाव, लहानपणापास्नं" असं म्हणत होती. मी पट्ट्यात अडकलेली. उठून जायची सोय नव्हती.

दारं इतक्या वेळा उघडली की आतला गारवा पळून गेला. सुनंदावहिनींनी मागून वाकून पडद्यावर बघितलं. तिथं बर्फाचं चित्र होतं, त्यावर त्यांनी बोट दाबलं. काहीच गार होईना म्हणून पुन्हा दाबलं.

"अहो वहिनी, ते बर्फातून गाडी चालवायचं बटण आहे!"

"मग नांदेडात कशाला दिलंय?" वहिनी म्हणाल्या.

मी हात पुढं करून ते बटण बंद केलं.

जाताना वहिनींनी आईच्या कानाशी लागून एक नाजूक प्रश्न विचारला. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्याची काळजी नको. एसटीची सवय हाय, निघताना पानीच पीत न्हाई."

बायका गेल्या. गल्ली सुनसान झाली. सुरुवातीला माझा पाय नुसता हलत होता, बोटं स्टेअरिंगवर वाजत होती. पेपर तपासायचे होते, कपडे वाळत होते, आणि मुख्य म्हणजे पाच वाजता गाडी परत करायची होती आणि आई गाडीतच होती. पण आई बोलत होती. वडिलांनी पहिली सायकल आणली तेव्हा तीन दिवस ती नुसती स्टँडवर लावून पाय मारत होते, ही गोष्ट मला पन्नाशीत पहिल्यांदा कळली. कुठल्या मावशीशी का बोलणं नाही, बंडूला रात्री झोप का लागत नाही, किल्ल्याकडच्या कुठल्या चिंचेखाली मी हरवले होते. मधेच ती माझ्या पायाकडं बघायची आणि थांबायची. पाय हलायचा थांबला की पुढं सांगायची. कधी तरी माझा पाय थांबलाच. चांगलं वाटत होतं, खरंच सांगते. मला रडू आलं आणि मी ते एसीच्या वाऱ्यावर ढकललं.

पाच वाजत आले तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आईसकट गाडी शोरूमला घेऊन गेले. हे स्कूटरवर मागं. रस्ताभर मी विचार करत होते की तिथं क्रेन असेल का, आणि आईला क्रेननं उतरवल्यावर गाडी नको असं कुठल्या तोंडानं सांगायचं. सेल्स मॅडम हसत पुढं आल्या. मी उतरून त्यांना घाईघाईनं अडचण सांगू लागले, तुमच्याकडे एखादी मजबूत शिडी, एखादं स्टूल, निदान दोन माणसं...

मॅडम माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या. मी वळले. आईनं दार उघडलं होतं. तिनं गाडीकडं तोंड केलं, दाराचा दांडा धरला, माळवदावरच्या शिडीवरून उतरतात तसा एक पाय मागं सोडला, मग दुसरा, आणि शांतपणे फरशीवर उभी राहिली. पदर झटकला.

"आई! तुला उतरता येत होतं?"

"न यायला काय झालं? चढाया येत न्हाई, उतराया येतंय."

"मग दिवसभर वर का बसलीस?"

"खाली उतरले असते तर तू बसली असतीस का?"

सेल्स मॅडम जमिनीकडं बघू लागल्या. हे खोकले.

"आणि तुझे गुडघे?" मी विचारलं.

"गुडघे दुखतात की. पर गुडघ्यापायी मी यायची राहिले न्हाई. नांदेडला येऊन मी कुलपाकडं बघत बसू का? तू कॉलेजात, जावईबापू हापिसात. तुझ्यासंगं बोलायचं तर तुला बांधूनच ठेवाया पाहिजे." मग तिनं गाडीवर मायेनं हात फिरवला. "ह्या गाडीनं बांधलं बघ."

सेल्स मॅडमनी हळूच विचारलं, गाडी कशी वाटली, रोजच्या वापराला जमेल का. मी सांगितलं की उभी असताना एक नंबर आहे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

गाडी आम्ही घेतली नाही. शोरूमच्या दारातून रिक्षा केली. आई माझ्या आधी आत शिरून बसली. महिनाभर राहिली आणि उदगीरला एसटीनंच गेली. एसटीची पायरी तिच्या मापाची, दाराला धरायला दांडा असतो, ती कंडक्टरनं हात द्यायच्या आधीच वर. आता ती दर दोन-तीन महिन्यांनी अशीच येते.

गाडीऐवजी मी अंगणासाठी दोरीची एक मोठी बाज घेतली. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी आणि आई तिच्यावर बसतो, हे आम्हाला कॉफी करून देतात. मी ठरवलंय, आई असेपर्यंत रोज निदान तासभर तरी जागचं हलायचं नाही. पण दहा मिनिटांत मला आठवतं की गिरणीत दळण राहिलंय आणि मी उठते. काय करणार, बाजेला पट्टा नसतो.