शेवटच्या अल्बममधले अकरा सेकंद

आमचा शेवटचा अल्बम ऐकलेले लोक विचारतात, सहाव्या गाण्यात ते किंचाळतंय कोण. आजवर मी काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली. आता सांगून टाकतो.

आम्ही तिघं. मी बेस गिटार वाजवायचो आणि रेकॉर्डिंग बघायचो. नसरापूरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गाणारी भोरची. दिवसभर अंगणवाडीत पोरांना "हळू बोला" सांगायची आणि संध्याकाळी माईकवर घसा फाडायची. ड्रमर पालीच्या वरच्या वस्तीवरचा, धनगराच्या घरचा. घरी म्हशी, शेरडं आणि आई. सराव आमच्या विहारामागच्या खोलीत चालायचा. माझा बाप म्हणायचा, "भांडी आदळली तरी बी एवढा कालवा होत न्हाई." आम्हाला तोच कालवा हवा होता. टेम्पोखाली पत्रा चेपला, तो आवाज गाण्यात. बोकड कापायची सुरी दगडावर घासली, तोही गाण्यात. गोडगोड वाजवणाऱ्यांचा मला संताप यायचा, अजून येतो.

मग मला कुट्टी मशीन सुचलं. ड्रमरच्या गोठ्यात चारा कापायचं ते मशीन होतं, मोटारीवरचं. दोन रूळ चारा आत ओढतात आणि पातं त्याचे तुकडे करतं. कडकडायचं असं, की खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जावं. म्हटलं, नव्या गाण्याला हाच ठेका. तोंडाशी पत्र्याचं झाकण होतं, हात आत जाऊ नये म्हणून. ते खडखडून माझा आवाज नासवत होतं.

"काढ ते," मी म्हणालो.

"आय वरडंल."

"आय ओढ्यावर गेलीय. काढ."

त्यानं काढलं. मग मी त्याला सांगितलं, माझ्या बोटाकडं बघ, बोट खाली आलं की मक्याची पेंडी सोड. मी आपला उंटावरचा शहाणा. तो मशीनकडं न बघता माझ्याकडं बघत मका घालू लागला. ठेका इतका झकास बसला की मला हसू फुटलं.

चौथ्या पेंडीला रुळांनी त्याचा उजवा हात धरला.

बटन माझ्या खांद्याजवळ, खांबावर होतं. हात उचलला की पुरे. माझ्या उजव्या हातात रेकॉर्डर होता, तो मी सोडला नाही. डाव्या हाताचं बोट तसंच हवेत राहिलं होतं. बटन दाबलं तेव्हा बोटं गेली होती आणि तळहातही गेला होता. हिरव्या मक्याचा लाल चिखल झाला होता. मी शर्ट फाडून त्याचं मनगट आवळलं, त्याला टेम्पोत घातलं आणि पुण्यापर्यंत तो हात वर धरून बसलो. डॉक्टर म्हणाले, मशीन लगेच थांबलं असतं तर दोन बोटांवर निभावलं असतं.

त्याची आई किंकाळी ऐकून ओढ्यावरून धावत आली होती. दवाखान्यात तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तू व्हतास म्हनून माजं पोरगं जित्तं ऱ्हायलं." त्यानंतर मी वस्तीवर गेलो की ती मला तुपाची बरणी द्यायची. मी घ्यायचो. खायचोसुद्धा, आता काय लपवायचं.

गाणारीनं विचारलं, मशीनचं रेकॉर्डिंग आलं का. म्हटलं, रेकॉर्डर पडला, काही आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं तर घरी एकदा ऐकलं होतं. अकरा सेकंद. ऐकून उठलो आणि गिटार भिंतीवर आपटून तिचे दोन तुकडे केले.

सहा महिन्यांनी ड्रमर म्हणाला, "एक अल्बम करू, मग बास." रेकॉर्डिंगला विंझरमध्ये एक रिकामी पोल्ट्री मिळाली. त्यानं सायकलच्या ट्यूबनं काठी तुटक्या हाताला बांधली आणि ट्यूब मांसात रुतेपर्यंत पत्रे बडवले. गाणारी थुंकीत रक्त येईतोवर ओरडली. पाच गाणी झाली. त्यातलं एकही मला पुन्हा ऐकवत नाही, इतकी ती खरी आहेत.

सहाव्याच्या वेळी तो माझ्याकडं वळला. "आता कुट्टीचं लाव."

"ते आलंच नाही. सांगितलं ना."

"रेकॉर्डरचा लाल दिवा चालू व्हता. म्या तुज्याकडंच बघत व्हतो."

रेकॉर्डरवरून माझ्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवलं होतं ते. लावलं. मशीनची कडकड, त्यावर एक किंकाळी. ती माझी. त्या किंकाळीखाली त्याचा आवाज, सरळ, ठेक्यावर: "बटन. बटन. बटन." गाणारी बाहेर जाऊन ओकली.

त्यानं कोपर माझ्या तोंडावर हाणलं. दात ओठात घुसला. मी हात आडवा घातला नाही, त्यानं दुसरं हाणलं.

"इतके दिवस का बोलला नाहीस?" मी विचारलं.

"तू बोलशील म्हनून."

मग म्हणाला, "हे असंच घ्यायचं. एक सेकंद बी कापायचा न्हाई."

"आई ऐकेल."

"ऐकू दी. तुला तूप देताना आता बघवत न्हाई मला."

अल्बम झाल्यावर त्याची आईच म्हणाली, शेवटचं हाय म्हनं, लाव की. आम्ही गोठ्याच्या ओट्यावर बसलो. पाच गाणी तिनं तांदूळ निवडत ऐकली. सहाव्याला तिचा हात सुपात थांबला. संपल्यावर तिनं लेकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"वड्यावर म्या ऐकलं, ते तू वरडत व्हतास?"

"व्हय."

तिनं माझा उजवा हात ओढून घेतला आणि उलटा-सुलटा करून बघितला. "त्या वक्ताला ह्यात काय व्हतं?"

"रेकॉर्डर."

तिनं हात सोडला. तिनं मला मारावं असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. ती उठली, सूप बाजूला ठेवलं.

"म्हशी उपाशी हाईत. चल, चारा घाल. म्या बटनापाशी हुबी ऱ्हाते."

झाकण तिनं तारेनं आवळून परत बसवलेलं होतं. मशीन सुरू झालं. ड्रमर ओट्यावरून हलला नाही. मी पहिली पेंडी सोडली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. दुसरी सोडली, पुन्हा बघितलं.

"माज्याकडं नगं," ती म्हणाली. "हाताकडं बघ."

सगळा भारा संपेपर्यंत तिनं बटनावरचा हात काढला नाही.