पुढच्या चाकांचे लॉक

आमच्या ह्यांची उभी हयात जंगलातल्या त्या वाटेवर जीप चालवण्यात गेली. वाट इतकुशी. एक ओढा, मग मुळांनी उखडलेला चढ, की आलंच विश्रामगृह. पण जीप जुनी. चढाआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचे लॉक हातानं फिरवायचे, तेव्हाच चारही चाकं ओढतात. ते काम ह्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं असेल तर शपथ!

ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तसं विश्रामगृहाच्या मालकांनी आमच्या लेकीला गाडी चालवून दाखवायला सांगितलं. जमलं तर नोकरी तिची. ठरल्या दिवशी मालक पुढे बसले, मी तिथल्या स्वयंपाकघरासाठी भाजीची टोपली घेऊन मागे. लेक स्टिअरिंगकडे जाते तोवर हेच चढून बसले. म्हणे, आधी मी दाखवतो. या माणसाची हौस काही फिटत नाही! लेक गपचूप माझ्याशेजारी येऊन बसली.

ओढा पार झाला आणि चढावर जीप अडली. मागची चाकं नुसती माती उडवत होती. ह्यांनी चारही चाकं जोडायचा दांडा ओढून पाहिला, टायरला शिव्या घातल्या, आणि मालकांदेखत मागे वळून लेकीला म्हणाले, "सकाळी गाडी तू बघितलीस ना? काय करून ठेवलंस?"

लेक खाली उतरली. मी वाकून पाहिलं, तर ती पुढच्या चाकाचा लॉक फिरवत होती. मग दुसऱ्या चाकाचा. मालकांशी फुशारक्या मारायच्या नादात हे उतरलेच नव्हते! परत बसताना ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडून राहिलं."

जीप सरसर चढली. मालक खूश. अनुभव तो अनुभव, पोरीला अजून वेळ आहे, म्हणाले. ह्यांचे कान लालबुंद, आरशात लेकीची नजर चुकवतायत. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही पोटच्या पोरीवर! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

विश्रामगृह दिसायला लागलं, तशी ह्यांनी मध्येच जीप थांबवली.

"लॉक लावायचं काम माझं होतं," ते मालकांना म्हणाले. "मी विसरलो आणि आळ हिच्यावर घातला. हिनं लावले म्हणून वर आलो."

हे उतरले, लेकीला पुढे पाठवलं आणि माझी टोपली मांडीवर घेऊन मागे बसले. इतक्या वर्षांत त्या सीटवर कधी बसले नव्हते, पाय कुठे ठेवायचे तेही कळेना.

लेकीनं गिअर टाकला. "बाबा, धरून बसा," म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या सीटमागची दांडी धरली.