पंपाचे नट कोणी उघडले होते

वसंतकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं. महिना उलटला तरी तो क्रम विसरता येत नाही...

बोर्ली पंचतनच्या नाक्यावर त्यांचं गॅरेज. शोकसभाही नाक्यावरच झाली. हयातीत त्यांना साधा चहा न पाजलेली माणसं तिथे 'देवमाणूस, देवमाणूस' म्हणत डोळे पुसत होती. काका देवमाणूस वगैरे मुळीच नव्हते. तिरसट होते, गिऱ्हाइकाला तोंडावर गाढव म्हणायचे, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक असायचंही तसंच. मग डिझेल कुठून भरतात यापलीकडे गाडीतलं काही न कळणारे एक पुढारी उठले. "शेवटी शेवटी हात चुकायला लागला होता हो काकांचा. सरांच्या जीपचं टायमिंग घालवलं, आठवतंय ना?" म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

सर म्हणजे मी. डिप्लोमावाला, पोरांना इंजिन शिकवून पोट भरणारा. माझ्या जुन्या डिझेल जीपचं ऑइल गळत होतं, ते काकांनी बंद करून दिलं. गाडी उत्तम चालत होती. पण मला अक्कल पाजळायची खाज. आठवड्याने मी घरीच डिझेल पंप उतरवला, साफ केला, डिझेल नेमक्या क्षणी पडावं म्हणून पुलीवरची टायमिंगची खूण जुळवून परत बसवला. स्टार्टर मारला तर पांढरा धूर, बाकी काही नाही. शिकवणाऱ्याचीच गाडी त्याच्याच हातून बंद पडली, हे सांगायला जीभ रेटेना. नाक्यावर जाऊन म्हणालो, "काकांनी टायमिंग घालवलं." लोकांना तेवढंच हवं होतं.

ते ऐकून काका माझ्या घरी आले. वरचं झाकण काढलं, खूण जुळवली आणि पहिल्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे रॉकर बोटांनी हलवले. दोन्ही ताठ.

"खून दोनदा येते रं गाढवा," ते हळूच म्हणाले. "वाल बंद असतील तवाच ती खरी. ह्ये रॉकर ढिले लागाया हवेत. तू फसव्या खुनेवर पंप बसवलास."

इंजिन हाताने एक फेरा फिरवून त्यांनी पुन्हा रॉकर हलवले. आता ढिले होते. पंप नीट बसवला, गाडी लगेच सुरू झाली. पंपाच्या नटांवरचे माझ्या पान्याचे ताजे ओरखडे त्यांनी पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. बाहेर एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. त्यानंतर लोकांच्या गाड्या दुरुस्तीला म्हसळ्याला जायला लागल्या आणि काका रिकाम्या गॅरेजात बसून राहू लागले. मी रोज तिथूनच जायचो, हॉर्न न वाजवता. माझ्याइतका भेकड माणूस त्या नाक्यावर दुसरा नसेल.

पेपरच्या पुरवणीसाठी हा लेख इथवर लिहिला आणि काल तो काकींना वाचून दाखवायला गॅरेजात गेलो. हत्यारं भिंतीवर जागच्या जागी होती. मी काकांच्या स्टुलावर बसून शेवटपर्यंत वाचलं.

"त्यांना ठावं व्हतं. मलाबी," काकी म्हणाल्या. "लिवलंस झ्याक. पन हितं पुरवनी कोन वाचतो? नाक्यावर मानसं बसल्यात. जा, त्यांना वाचून दाव."

ती माणसं तिथून वीस पावलांवर. कागद हातात धरून मी त्या स्टुलावर अंधार पडेपर्यंत बसून राहिलो... आणि मग गॅरेजच्या मागच्या दाराने घरी आलो.