शर्यत सुरू होईपर्यंत

बालाघाटात भित्र्यांची स्पर्धा भरली, तर सुवर्णपदक माझ्या बायकोच्या मामांनाच मिळेल. फक्त ते घ्यायला मंचावर चढण्याची त्यांची हिंमत होणार नाही. हा गृहस्थ गाईला घाबरतो, विजेच्या बटणाला घाबरतो, दारावरची बेल वाजली की आधी मामींकडे बघतो. बैहरच्या सरकारी कचेरीत मामांनी तीस वर्षं कारकुनी केली आणि जाता-येता घाटाच्या प्रत्येक वळणावर बसची पुढची सीट घट्ट धरून ठेवली.

अशा माणसाला खेळांचं वेड असावं, हे नवलच. स्वतः कधी चेंडूसुद्धा झेललेला नाही, पण जगात कुठेही मोठी स्पर्धा असली की मामा टीव्हीसमोर मांडी ठोकून हजर. तेवढा वेळ मामींनी कुकर लावायचा नाही. मात्र मामा बघतात ते शर्यत सुरू होईपर्यंतच. धावणाऱ्या मुली रांगेत उभ्या राहिल्या, की पुढे सरकून एकेकीचा चेहरा न्याहाळतात. बंदुकीचा बार झाला, की टीव्ही बंद! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कळवळून ओरडलो, "अहो मामा, निकाल?"

"निकालाचं आपल्याले काय करा लागते, जवाईबापू? त्या पोरीचे ओठ पाह्यले का? जगात पह्यली हाय, तरी थुंक गिळून राह्यली. तिलेही भेव वाटते. तरी उभी राह्यली ना? आपल्याले तेवढंच शिकाचं हाय."

शिकलेलं ते लगेच वापरतात, हीच पंचाईत. बल्ब बदलायला स्टुलावर चढण्यापूर्वी मामा मान दोन्हीकडे फिरवतात, हात झटकतात, डोळे मिटून लांब श्वास सोडतात. एकदा चुकीच्या बिलाची तक्रार घेऊन वीज कचेरीत गेले. खिडकीसमोर ही सगळी तयारी होईपर्यंत मागची चार माणसं पुढे घुसून आपली कामं उरकून गेली आणि खिडकी जेवणासाठी बंद झाली. मामा मात्र खुशीत घरी परतले. "उभा तं राह्यलो!" मामींची हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी त्याच जाऊन बिल दुरुस्त करून आल्या. त्या घरात भिण्याचं खातं मामांकडे आणि बाकी सगळी खाती मामींकडे, अशी जुनीच वाटणी होती.

गेल्या दिवाळीनंतर मामींच्या छातीत गाठ निघाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं. त्या दिवसापासून मामांनी टीव्ही लावला नाही, नीट जेवले नाहीत. मला मामींची काळजी होतीच, पण खरी धास्ती मामांची होती. मामींना काही झालं, तर हा माणूस बघेल कुणाकडे?

ऑपरेशनच्या सकाळी मामी स्ट्रेचरवर शांत पडून मला दूधवाल्याला द्यायचा निरोप समजावत होत्या. मामा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. एकाएकी वाकून म्हणाले, "तुले भेव वाटून राह्यलं."

"मले? मले काहून वाटंन?"

"मंग चादर कायले धरली एवढी?"

मामींचे डोळे भरून आले. "हौ," त्या म्हणाल्या, "लय भेव वाटून राह्यलं."

मामांनी त्यांचा हात धरला तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही. बाहेर बाकावर बसल्यावर हळूच मला म्हणाले, "चाळीस वर्सं घरातलं सारं भेव मीच वापरून टाकलं, जवाईबापू. तिच्या वाट्याले ठेवलंच नाही."

ऑपरेशन नीट झालं. पण दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि रिपोर्ट येईपर्यंत आम्हा सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. परवा रिपोर्ट यायचा होता म्हणून मी गेलो होतो. दवाखान्याचा फोन वाजला आणि मामींचा चेहरा पांढरा पडला.

"तू भेऊन घे पोटभर," मामा म्हणाले. "फोन मी उचलतो."

मान दोन्हीकडे फिरवून, हात झटकून त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "रिपोर्ट चांगला हाय. तीन महिने भेटले." मामी रडल्या, मग मामाही रडले. मी उगाच खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. पुढच्या तीन महिन्यांची धास्ती मला आत्तापासूनच वाटू लागली होती.